स्कुबाच्या टाकीत नेमकं काय भरलेलं असतं आणि ते किती वेळ पुरतं?

प्रश्न असा आहे: तारकर्लीला पहिल्यांदा स्कुबा केलं. वर आल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाला, पाठीवरच्या सिलेंडरमध्ये ऑक्सिजन नसतोच. मग काय असतं? एवढ्याशा टाकीत अर्ध्या-पाऊण तासाची सोय कशी होते? खोल जाणारे लोक वेगळे वायू वापरतात असं ऐकलंय, ते का? आणि आता रीतसर शिकायचं ठरवलंय, तर स्वतःची टाकी घ्यावी का?

इन्स्ट्रक्टर बरोबर बोलला. टाकीत हवा असते, साधी हवा. ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्या एक टक्क्यात बहुतेक आरगॉन. तुम्ही आत्ता घेताय तीच, फक्त गाळलेली, सुकवलेली आणि प्रचंड दाबाने कोंबलेली. किनाऱ्यावर सगळेच ऑक्सिजनची टाकी म्हणतात, आम्हीही गिऱ्हाइकासमोर वाद घालत बसत नाही. पण दवाखान्यातल्या काळ्या, पांढऱ्या खांद्याच्या सिलेंडरमधला ऑक्सिजन खरोखरच कुणी या टाकीत भरला आणि मालवणच्या नेहमीच्या आठ-दहा मीटरला गेला, तर तो माणूस जिवंत वर येईलच याची खात्री नाही. ते का, हे पुढे येईलच.

आधी टाकीबद्दल. आपल्याकडे आणि जगातल्या बहुतेक पर्यटन केंद्रांवर दिसते ती ॲल्युमिनियमची 'एटी'. ऐंशी घनफूट हवा मावते म्हणून हे नाव, प्रत्यक्षात साडेसत्याहत्तरच मावते. आतली पोकळी ११ लिटरच्या आसपास, रिकाम्या टाकीचं वजन १४ किलोच्या वर, भरायचा दाब २०७ बार. पृष्ठभागावर हवेचा दाब जेमतेम एक बार असतो, म्हणजे दोनशेपट दाब झाला. ११ लिटरच्या जागेत २०० बार दाबाने हवा भरली की ती मोकळी केल्यावर सुमारे २,२०० लिटर होते. हवेला वजन असतं हे शाळेत शिकतो पण पटत नाही. इथे पटतं, कारण भरलेली टाकी रिकामीपेक्षा अडीच किलोहून जास्त भरते. पाण्यात त्याचा थेट परिणाम होतो. भरलेली ॲल्युमिनियमची टाकी किंचित बुडते, तीच रिकामी होत आली की तरंगायला बघते आणि तुम्हाला दोनेक किलोच्या जोराने वर ओढते. डाइव्हच्या शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तेव्हा नवखे लोक फुग्यासारखे सुटतात ते यामुळेच. कमरेला शिशाचं वजन बांधताना सुरुवातीचा नाही, शेवटचा हिशेब धरायचा. युरोपात १२ किंवा १५ लिटरच्या पोलादी टाक्या जास्त चालतात. त्या रिकाम्या झाल्या तरी सहसा तरंगत नाहीत, म्हणून शिसं कमी लागतं, पण गंज सांभाळावा लागतो.

टाकीतली हवा वायूच राहते, घरच्या गॅस सिलेंडरसारखी द्रव होत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा दाब शेवटचा थेंब संपेपर्यंत जवळपास तोच राहतो, म्हणून तो ऐन पोळ्या करताना दगा देतो. स्कुबाच्या टाकीत मात्र दाब आणि शिल्लक हवा सरळ प्रमाणात उतरतात. गेजवर १०० बार म्हणजे अर्धी टाकी, ५० म्हणजे पाव. एवढ्या सोप्या हिशेबाचं यंत्र हातात असतानाही लोक हवा संपवून बसतात, कारण गेज बघायचंच राहून जातं.

आता २०० बारची हवा तोंडात घेता येत नाही हे उघड आहे. ते काम रेग्युलेटर करतो, दोन टप्प्यांत. टाकीच्या व्हॉल्व्हला बसतो तो पहिला टप्पा. तो दाब उतरवून आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त, इतकाच ठेवतो. दुसरा टप्पा तोंडात असतो. त्यात एक रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तुमचा श्वास. तुम्ही श्वास ओढलात की पडदा आत झुकतो, तरफ दाबली जाते, हवा येते. ओढणं थांबलं की हवा थांबते. आजच्या रूपात ही गोष्ट फार जुनी नाही. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी ती बसवली. गान्याँ वायूंच्या कंपनीतला इंजिनिअर होता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या दुसऱ्या वायूवर चालवायचा खटाटोप चालू होता, आणि इंजिनाला हवा तेवढाच वायू सोडणारा त्याचा व्हॉल्व्ह त्यांनी माणसाच्या फुप्फुसांसाठी जुळवून घेतला. त्याआधीच्या बहुतेक उपकरणांत हवा एकतर सतत वाहून वाया जाई किंवा हाताने चालू-बंद करावी लागे.

रेग्युलेटर हवा देतो ती नेहमी आजूबाजूच्या पाण्याइतक्या दाबाने. तसं नसतं तर मीटरभर खाली गेल्यावरच छातीवरचं पाणी श्वास घेऊ देत नाही. (लांब पाइप तोंडात धरून तलावाच्या तळाशी बसता येतं हे सिनेमातच.) पण याची किंमत टाकी मोजते. दर दहा मीटरला एक बार दाब वाढतो. दहा मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते, तीस मीटरवर चौपट. निवांत डायव्हर पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. वीस धरा. २,२०० लिटरमधले शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला उरले साधारण १,६५०. दहा मीटरवर मिनिटाला ४० लिटर, म्हणून चाळीसेक मिनिटं. तीस मीटरवर मिनिटाला ८० लिटर, म्हणून वीस. पहिल्यांदा पाण्यात उतरलेला, हातपाय झाडणारा, मिनिटाला तीस-चाळीस लिटर सहज ओढतो. त्यामुळे "टाकी किती मिनिटांची?" याला एका आकड्यात उत्तर नाही. बुकिंग करताना कुणी छातीठोकपणे मिनिटं सांगत असेल तर तो टाकीबद्दल बोलत नाहीये, बोटीच्या फेऱ्यांबद्दल बोलतोय.

ऑक्सिजनकडे वळू. वायू शरीरावर काय परिणाम करतो ते त्याच्या टक्केवारीवर नाही, आंशिक दाबावर ठरतं, म्हणजे एकूण दाबातल्या त्याच्या वाट्यावर. इथे पृष्ठभागावर ऑक्सिजनचा वाटा ०.२१ बार. पाण्याखाली काम करताना तो १.४ बारपर्यंत ठेवायचा आणि १.६ ही शेवटची रेघ, अशी शिस्त जगभर पाळतात. शुद्ध ऑक्सिजन ही रेघ सहा मीटरवरच गाठतो. दहा मीटरवर तो दोन बार होतो. त्यापुढे मेंदूवर विषासारखा परिणाम होऊन आकडी येऊ शकते. जमिनीवर आकडीने माणूस सहसा मरत नाही. पाण्याखाली तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि तो बुडतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचे पाणबुडे शुद्ध ऑक्सिजनची उपकरणं वापरत, तेव्हा केनेथ डोनाल्ड या डॉक्टरने यावर शेकडो प्रयोग केले. त्यांतली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की तोच माणूस, तीच खोली, पण आज सहन होतं ते उद्या होईलच असं नाही. ओठ फडफडणं, कानात आवाज, मळमळ अशी पूर्वसूचना कधी मिळते, कधी काहीच मिळत नाही. म्हणून 'मला चालतं' हा युक्तिवाद इथे कुणाचाच ऐकायचा नाही.

हवेतला दुसरा भिडू नायट्रोजन. तो शरीराला काही देत नाही, पण दाबाखाली रक्तात आणि चरबीत विरघळत राहतो. भरकन वर आलात तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी मज्जारज्जूवर घाला येतो. शिवाय तीस मीटरच्या पुढे तो डोक्यावर चढतो. माणूस उगाच हसतो किंवा उगाच घाबरतो, गेजवरचा आकडा दिसतो पण त्याचा अर्थ लागत नाही. वर आलं की उतरतं, मागे काही राहत नाही.

या दोघांच्या मारामारीतून बाकीची मिश्रणं निघाली. नायट्रोजन थोडा काढा, तिथे ऑक्सिजन घाला, की झालं नायट्रॉक्स. ३२ किंवा ३६ टक्के ऑक्सिजनची मिश्रणं नेहमीची. अमेरिकेच्या एनओएए या सरकारी सागरी संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती शास्त्रीय कामासाठी रुळवली. फायदा पाण्याखालच्या वेळेचा. डायव्हिंग शिकवणाऱ्या पॅडी या संस्थेच्या तक्त्याप्रमाणे, नायट्रोजनच्या हिशेबाने, १८ मीटरवर हवेवर ५६ मिनिटं राहता येतं, २२ मीटरवर ३७. तेच ३२ टक्के नायट्रॉक्स घेऊन २२ मीटरवर गेलात तर शरीर साडेसतरा मीटरवर हवा घेत असल्याइतकाच नायट्रोजन साठवतं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरची आंग्रिया बँक, म्हणजे समुद्राखालचा उंचवटा, जिथलं उथळातलं उथळ प्रवाळही वीस मीटरच्या आसपास आहे, तशा जागी हे मिश्रण कामाचं.

तरीही नवख्याला मी पहिल्या डाइव्हला नायट्रॉक्ससाठी जादा पैसे द्यायला सांगत नाही. वरचाच हिशेब लावा. २२ मीटरवर मिनिटाला ६४ लिटर लागले तर टाकी पंचवीस-सव्वीस मिनिटांत राखीव दाबावर येते. हवा आधी संपते, नायट्रोजनची मर्यादा लांबच राहते. खरा उपयोग दिवसातल्या दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला. आणि नायट्रॉक्सवर जास्त खोल जाता येतं हा समज तर थेट उलटा आहे. ऑक्सिजन वाढला म्हणजे मर्यादा वर सरकली. ३२ टक्क्यांना १.४ बारच्या हिशेबाने ३३ मीटर, ३६ टक्क्यांना २८. म्हणून त्या टाकीवर हिरवा-पिवळा पट्टा असतो, भरल्यावर ऑक्सिजनची टक्केवारी मोजायची असते, आणि ती मोजताना ज्याच्या पाठीवर टाकी जाणार त्याने स्वतः उभं राहून आकडा बघायचा, चिठ्ठीवर लिहायचा. दुसऱ्याने मोजलेल्यावर विसंबायचं नाही.

आणखी खोल जायचं तर ऑक्सिजनही कमी करावा लागतो आणि नायट्रोजनही. दोन्हींची जागा हेलियम घेतो. तो डोक्यावर चढत नाही आणि हलका असल्यामुळे खोलवर श्वास जड होत नाही. तिन्ही वायू असले तर ट्रायमिक्स. बाटलीवर १८/४५ लिहिलेलं असेल तर १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि बाकी नायट्रोजन. फार खोलच्या मिश्रणांत ऑक्सिजन दहा टक्क्यांपर्यंत उतरवतात. ती बाटली पृष्ठभागावर तोंडात धरली तर माणूस बेशुद्ध पडतो, त्यामुळे वाटेसाठी वेगळी बाटली लागते. हेलियम महाग, आणि आपल्याला तो आयात करावा लागतो. उष्णताही भराभर वाहून नेतो.

नायट्रोजन पूर्ण काढून फक्त हेलियम-ऑक्सिजन ठेवलं की हेलिऑक्स. याचा वापर आपल्या दाराशीच होतो, मुंबई हायवर. तिथे पाणी पंचाहत्तर-ऐंशी मीटर खोल. तळाच्या पाइपलाइनवर काम करणारे सॅच्युरेशन डायव्हर जहाजावरच्या दाबाच्या कोठीत आठवडेच्या आठवडे राहतात, तिथे हेलिऑक्सच घेतात, बदकासारखा आवाज काढतात, आणि त्यांचं बोलणं वरच्या माणसाला कळावं म्हणून वेगळं यंत्र लावावं लागतं. पाण्यात त्यांचा वायू लांब नळीतून येतो. पाठीवरची टाकी फक्त नळी तुटली तर. आणखी टोकाला गेलेले लोकही आहेत. फ्रान्सच्या कोमेक्स कंपनीने १९८८ मध्ये चक्क हायड्रोजन मिसळलेल्या वायूवर माणसं समुद्रात ५३४ मीटरवर कामाला उतरवली. ऑक्सिजन चार टक्क्यांपेक्षा कमी ठेवला तर ते मिश्रण पेट घेत नाही, या आधारावर.

हे सगळं रंजक आहे, पण तुमच्या पाठीवर हवाच असणार, आणि तिची खरी परीक्षा कॉम्प्रेसरच्या खोलीत होते. यावर कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून मी जरा जास्त लिहितो.

कॉम्प्रेसर बाहेरची हवा तीन-चार टप्प्यांत दाबतो. दाबलं की हवा तापते, गार केली की तिच्यातलं पाणी सुटतं. कोकणातल्या दमट हवेत ते भरपूर. दर थोड्या वेळाने नळ उघडून ते काढावं लागतं. दुधासारखं पांढरट, तेल मिसळलेलं पाणी फस्सकन बाहेर येतं. पुढे गाळणीत तीन थर असतात: ओल शोषणारा, तेलाची वाफ आणि वास धरणारा कोळसा, आणि होपकॅलाइट, जो कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतो. होपकॅलाइट ओला झाला की निकामी होतो. म्हणजे पहिला थर वेळेवर बदलला नाही तर शेवटचा गुपचूप मरतो, आणि बाहेरून काहीही कळत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. तो बहुतेक वेळा येतो इंजिनाच्या धुराड्यातून. श्वासाच्या हवेचं युरोपियन मानक दहा लाखांत पाच भागांपेक्षा जास्त चालवून घेत नाही, कारण वर दहा भाग असलेला हा वायू तीस मीटरवर शरीराला चाळीस भागांसारखा लागतो. डिझेलवरचा कॉम्प्रेसर असेल तर हवा ओढणारी नळी कुठे बांधली आहे ते बघा. किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि दुपारी खारा वारा समुद्राकडून फिरतो. सकाळी धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधलेली नळी दुपारी बरोबर धुराच्या तोंडात येते. चांगला भरणारा माणूस दुपारच्या खेपेआधी नळी हलवतो. ज्याला वारा फिरल्याचं कळत नाही त्याच्याकडची हवा मला नको. डाइव्हनंतर एकाच बोटीवरच्या दोघातिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका. त्या खेपेच्या टाक्या बाजूला काढायला लावा.

भरण्याची घाईही दिसते. टाकी हाताला चटका बसेल इतकी गरम असताना गेज २०० दाखवत असेल, तर ती गार झाल्यावर १८० वरच येते. ती हवा कुणी चोरलेली नसते. उलट थंड असताना २०० भरलेली टाकी उन्हात बोटीवर तापली तर २२० कडे जाते, म्हणून तिच्यावर ओला टॉवेल टाकतात.

टाकीच्या खांद्यावर धातूत ठोकलेली अक्षरं असतात, ती वाचायला शिका. बनवणारा, क्रमांक, भरायचा दाब आणि शेवटच्या चाचणीचा महिना-वर्ष. बऱ्याच देशांत दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करतात. टाकीत पाणी भरून तिला कामाच्या दाबाच्या पाच तृतीयांश, म्हणजे २०७ च्या टाकीला सुमारे ३४५ बार दाब देतात आणि ती किती फुगली, त्यातली किती परत आली ते मोजतात. पाणीच का? पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. याशिवाय वर्षातून एकदा व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडून बघायचं असतं. आपल्याकडे दाबाखालच्या सिलेंडरांचे नियम ज्यांच्या हाती आहेत त्या पेसोचं मुख्यालय नागपुरात आहे. अगदी जुनी ॲल्युमिनियमची टाकी दिसली तर जास्त सावध. १९८० च्या दशकापर्यंत ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या बऱ्याच टाक्या बनल्या, त्यांच्या गळ्यात कालांतराने तडे सापडले, आणि पुढे मोठ्या उत्पादकांनी ६०६१ धरला.

टाकी कधी शून्यावर नेऊ नये, थोडा दाब ठेवावा. नाहीतर ओल आत शिरते. ओल शिरलेली पोलादी टाकी महिनोन्‌महिने पडून राहिली तर गंज आतला ऑक्सिजन खातो, आणि बाहेरून भरलेली दिसणारी टाकी श्वासाला कुचकामी ठरते.

पाण्यात जाण्याआधी स्वतः करायची एकच तपासणी सांगतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार जोरदार श्वास घ्या. काटा स्थिर राहायला हवा. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. वर हवा पुरते, खाली पुरणार नाही. पूर्वी उघडल्यावर पाव फेरा उलटा फिरवायला शिकवत. ते आता सोडून द्या, कारण गडबडीत पाव फेरा उघडा आणि पाव फेरा बंद यांत माणूस चुकतो. व्हॉल्व्हच्या तोंडाशी काळी रबरी ओ-रिंग असते, तीही बघा. फाटलेली असेल तर हवा उघडताच फुसफुस ऐकू येते. बदलायला अर्धं मिनिट लागतं.

राहिला टाकी विकत घेण्याचा प्रश्न. घेऊ नका. मालवण, गोवा, नेत्राणी, अंदमान, कुठेही जा, टाकी आणि शिसं डाइव्हच्या पैशांतच मिळतं. पुण्या-मुंबईत घरी ठेवलेली टाकी भरणार कोण, तपासणार कोण? विमानात न्यायची तर आधी विमान कंपनीला विचारा, आणि ती रिकामी करून व्हॉल्व्ह काढून दाखवायची तयारी ठेवा. पैसे आधी स्वतःच्या चेहऱ्याला बसणाऱ्या मास्कवर घाला, मग खोली आणि वेळ मोजणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर, मग रेग्युलेटरवर. रेग्युलेटर घ्याल तेव्हा आटे फिरवून बसणारा डीआयएन प्रकारचा घ्या आणि सोबत योकचं, म्हणजे व्हॉल्व्हला बाहेरून पकडीसारख्या बसणाऱ्या प्रकाराचं, अडॅप्टर ठेवा, कारण आपल्याकडच्या पर्यटन केंद्रांवर योकच्याच टाक्या जास्त दिसतात. डाइव्ह झाली की तो गोड्या पाण्यात बुडवण्याआधी पहिल्या टप्प्याचं टोपण कोरडं करून घट्ट लावायला विसरू नका.